सर्व्हिसिंगच्या एस्टिमेटमधली कोणती ओळ ठेवावी आणि कोणती खोडावी

सकाळी साडेनऊला गाडी सर्व्हिस सेंटरमध्ये सोडून तुम्ही कामावर पोहोचता आणि अकराच्या सुमारास सर्व्हिस ॲडव्हायझरचा फोन येतो. इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर तर बदलायचाच आहे, पण त्याशिवाय ब्रेक ऑइल खराब झाले आहे, थ्रॉटल बॉडी साफ करावी लागेल, इंजिन फ्लश केलेले बरे, अलाइनमेंट-बॅलन्सिंग आहेच, एसीला वास येतो म्हणून त्याचे क्लीनिंग, आणि पावसाळा तोंडावर असल्यामुळे अंडरबॉडी कोटिंग. ‘करून टाकू ना, सर?’ हा प्रश्न इतक्या सहज येतो की समोर बैठक चालू असलेला माणूस ‘हो, करा’ म्हणून मोकळा होतो, आणि संध्याकाळी बिल हातात पडल्यावर आपण नेमके कशाला होकार दिला याचा विचार सुरू करतो.

फोनवर ही सगळी कामे एकाच सुरात सांगितली जातात, त्यामुळे ती सारख्याच गरजेची वाटतात. प्रत्यक्षात त्यांची मुळे वेगवेगळी असतात. काही कामे कंपनीने छापलेल्या वेळापत्रकातून आलेली असतात, काही मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेऊन केलेल्या तपासणीतून आलेली असतात, आणि काही सर्व्हिस सेंटरच्या त्या महिन्याच्या विक्रीच्या उद्दिष्टातून आलेली असतात. म्हणून प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारावा : हे काम पुस्तिकेत आहे, मोजमापात निघाले आहे, की गाडीच्या एखाद्या लक्षणावरून सुचले आहे? तिन्हींपैकी एकही उत्तर मिळाले नाही, तर ती ओळ त्या दिवसापुरती निःसंकोच खोडावी.

ॲडव्हायझर लबाडच असतो असे मात्र गृहीत धरू नये. त्याच्यावर ‘व्हॅल्यू ॲडेड’ कामे विकण्याचा दबाव असतो, हे त्या क्षेत्रातली माणसे उघडपणे मान्य करतात. पण त्याच्याच यादीत एखादे काम असेही असते की जे टाळल्यास घाटात जीव धोक्यात यावा. सरसकट ‘हो’ म्हणणारा ग्राहक पैसे घालवतो, तर सरसकट ‘नको, फक्त ऑइल बदला’ म्हणणारा कधीकधी त्याहून महाग पडणारी चूक करतो.

पुस्तिका आधी उघडावी

गाडीसोबत मिळालेली मालकाची पुस्तिका बहुतेकांच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधीही बाहेर न काढलेल्या अवस्थेत असते. तिच्या शेवटी देखभालीचा तक्ता असतो. हरवली असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर ती बहुधा मिळते. तक्त्यात एका बाजूला भाग आणि दुसऱ्या बाजूला किलोमीटर व महिने दिलेले असतात, आणि ‘यांपैकी जे आधी येईल ते’ अशी अट असते. ही अट गांभीर्याने घ्यावी. वर्षाला जेमतेम चार हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचेही ऑइल वर्षाने बदलावेच लागते, कारण थोड्या अंतरासाठी चालवलेले इंजिन पुरेसे तापत नाही आणि ऑइलमध्ये मिसळलेले पाणी व इंधन उडून जात नाही.

तक्त्यातील चौकटींत काय लिहिले आहे ते नीट पाहावे, कारण निम्मे गैरसमज तिथेच मिटतात. अनेक पुस्तिकांत ‘आय’ म्हणजे तपासा आणि ‘आर’ म्हणजे बदला, अशी अक्षरे असतात. चाळीस हजार किलोमीटरच्या रकान्यात एखाद्या भागासमोर ‘तपासा’ असेल आणि एस्टिमेटमध्ये तोच भाग ‘बदला’ म्हणून आला असेल, तर तपासणीत काय आढळले हे सांगण्याची जबाबदारी सर्व्हिस सेंटरची आहे. ‘चाळीस हजारला आम्ही बदलतोच’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. काउंटरवर लॅमिनेट करून ठेवलेला आकर्षक तक्ता आणि पुस्तिकेतला तक्ता हे एकच असतील असेही समजू नये. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्यास काही ओळी फक्त पहिल्यातच सापडतात.

मात्र पुस्तिका दुसऱ्या बाजूनेही वाचावी लागते. बहुतेक पुस्तिकांत ‘खडतर परिस्थिती’साठी वेगळा, अधिक जवळच्या अंतरांचा तक्ता असतो. ‘खडतर’ म्हटले की आपल्याला लडाखचे रस्ते आठवतात. प्रत्यक्षात त्या यादीत सततची धूळ, वारंवार थांबत-चालत जाणारी वाहतूक आणि रोजचे अगदी छोटे प्रवास यांचा समावेश असतो. पुण्यात घरापासून चार किलोमीटरवरच्या कार्यालयात सिग्नलमागे सिग्नल करीत जाणारी गाडी या व्याख्येत बसते, आणि जालन्याकडच्या कच्च्या रस्त्याने रोज शेतावर जाणारी तर बसतेच. अशा गाडीचा एअर फिल्टर ठरल्यापेक्षा आधी बदलावा असे ॲडव्हायझर म्हणाला, तर तो पुस्तिकेच्या बाहेरचे काही बोलत नाही. फिल्टर बाहेर काढून दाखवायला मात्र सांगावे. धूळ झटकून निघण्यासारखी आहे की घड्यांत घट्ट बसली आहे, हे पाहताच कळते.

आकडा मागावा

‘खराब झाले आहे’, ‘संपत आले आहे’, ‘थोडे वीक आहे’ ही मोजमापाची भाषा नव्हे. गाडीतील बऱ्याच गोष्टी मोजता येतात, आणि जे मोजता येते त्याचा आकडा मागण्यात उद्धटपणा नाही.

ब्रेक पॅडची जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात. नवा पॅड साधारण दहा-बारा मिलिमीटरचा असतो आणि घर्षणाचा थर तीन मिलिमीटरच्या आसपास आला की बदलण्याची तयारी करावी. नेमकी किमान मर्यादा पुस्तिकेत किंवा कंपनीच्या माहितीत असते. ‘पॅड तीस टक्के राहिलेत’ असे कोणी सांगितल्यास, ‘किती मिलिमीटर, आणि पुढचे की मागचे?’ असे विचारावे. टायरच्या खाचांची खोली कारसाठी किमान १.६ मिलिमीटर असावी असा नियम आहे, आणि खाचेच्या तळाशी त्याच उंचीचे छोटे उंचवटे मुद्दाम ठेवलेले असतात. रबर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आले की टायर संपला. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या पावसात गाडी चालवणाऱ्याने इतके थांबू नये, तीन मिलिमीटरच्या आसपासच निर्णय घ्यावा असे माझे मत आहे, कारण साचलेले पाणी बाजूला ढकलण्याचे काम त्या खाचाच करतात. टायरचे वय त्याच्या कडेवरील चार आकड्यांतून कळते : पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा.

बॅटरीचेही तसेच. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात, १२.२ दिसत असतील तर ती निम्मीच भरलेली आहे. एवढ्यावरून ती मेली असे ठरत नाही, कारण कमी चालणाऱ्या गाडीची बॅटरी नुसतीच उतरलेली असू शकते. म्हणून लोड टेस्टचा, म्हणजे बॅटरीवर भार टाकून केलेल्या चाचणीचा, कागद मागावा. नवी घेण्याआधी जुन्या बॅटरीचे वॉरंटी कार्डही शोधावे. अनेकदा तिची मुदत शिल्लक असते आणि ते कोणीही आपण होऊन सांगत नाही.

अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे, केले असेल तर आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला छापील कागद यंत्रातूनच निघतो. आधीचे सगळे आकडे मर्यादेतच होते असे त्या कागदावर दिसले, तर पुढच्या वेळी काय म्हणायचे ते कळले. स्टिअरिंग सरळ असताना गाडी एका बाजूला ओढत असेल, टायर एका कडेने झिजत असेल, मोठा खड्डा जोरात लागला असेल किंवा सस्पेन्शनचे काम झाले असेल, तर अलाइनमेंट करावेच. बॅलन्सिंगची, म्हणजे छोटी वजने लावून चाकाचा तोल साधण्याची, गरज साधारण ऐंशी-शंभरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरण्यावरून कळते. बॅलन्सिंगच्या वजनांचे पैसे ग्रॅमवर लावले जातात, हेही बिल वाचताना लक्षात असू द्यावे.

सस्पेन्शनचा बुश फाटला, लिंक रॉडमध्ये खेळ आला, शॉक ॲब्झॉर्बरमधून तेल गळते, अशी कामे महाग असतात आणि ती आकड्यापेक्षा डोळ्यांनी तपासावी लागतात. त्यासाठी शक्य झाल्यास स्वतः जाऊन लिफ्टखाली उभे राहावे. शक्य नसेल तर त्या भागाचा, गाडीचा नंबर दिसेल अशा क्रमाने काढलेला व्हिडिओ व्हॉट्सॲपवर मागवावा. खरी गळती असेल तर तो दोन मिनिटांत येतो.

ब्रेक ऑइल : न दिसणारे, म्हणून टाळले जाणारे

एस्टिमेट कमी करायचे म्हणून लोक जी ओळ हमखास खोडतात ती ब्रेक ऑइलची, आणि माझ्या मते हीच सगळ्यांत चुकीची काटकसर आहे. हे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते. गाडी चालो वा उभी राहो, नळ्यांच्या रबरातून आणि टाकीच्या झाकणातून ओल हळूहळू आत जातेच. ताज्या ‘डॉट ४’ या प्रतीच्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मिसळले की तोच १५५ अंशांपर्यंत खाली येण्याची मुभा मानकात धरलेली आहे. ‘डॉट ३’साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत.

सपाटीवर, शहरात, याचा फरक कधीच जाणवत नाही, आणि म्हणूनच ‘माझे ब्रेक तर उत्तम लागतात’ हा युक्तिवाद फसवा ठरतो. पाच माणसे आणि डिकीभर सामान घेऊन आंबोली किंवा वरंध घाट उतरताना, गिअर खाली न घेता ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी आणली, तर ब्रेकची उष्णता द्रवापर्यंत पोहोचते, त्यातील पाण्याची वाफ होते, आणि द्रव दाबले जात नसले तरी वाफ दाबली जाते. पायाखालचा पेडल तेव्हा मऊ होऊन खाली जातो. बहुतेक कंपन्या हे द्रव सुमारे दोन वर्षांनी बदलायला सांगतात. आपल्या पुस्तिकेतील मुदत पाहावी, आणि ती उलटून गेली असेल तर मोजमापाचा आग्रहही न धरता ही ओळ ठेवावी. मुदत व्हायची असेल आणि तरीही बदला असे सांगितले जात असेल, तर ओलावा मोजणारे पेनासारखे उपकरण सर्व्हिस सेंटरकडे असते, त्याचे माप विचारावे.

अशाच न टाळण्याच्या पंगतीत टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातील व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा, बसतो. काही इंजिनांत साखळी असते आणि ती सहसा इंजिनाच्या आयुष्यभर टिकते. काहींत रबरी पट्टा असतो, त्याला ठरलेले अंतर असते, आणि तो चालत्या इंजिनात तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून बिल काही हजारांवरून लाखाच्या घरात जाऊ शकते. आपल्या गाडीत काय आहे हे एकदा विचारून ठेवावे. तिसरी बाब डिझेल गाडीच्या मालकांसाठी : १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस ६ निकषांच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो आणि त्यासाठी कमी राख सोडणारे विशिष्ट ग्रेडचेच ऑइल लागते. ‘हेही चालते’ म्हणून भरलेले स्वस्त ऑइल त्या महागड्या फिल्टरला वेळेआधी चोंदवते.

लक्षण असेल तरच

यादीतील एक मोठा गट असा आहे की जो निरुपयोगी नाही, पण दरवर्षी करण्याचाही नाही. इंजिनात जाणारी हवा नियंत्रित करणाऱ्या थ्रॉटल बॉडीवर काजळी साचते हे खरे. गाडी उभी असताना इंजिनाचे फेरे वरखाली होत असतील, सिग्नलला ती बंद पडत असेल, तर साफसफाईने फरक पडतो. इंजिनात इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरच्या क्लीनिंगचेही तेच : पिकअप मंदावला, इंजिन झटके देऊ लागले, स्कॅनरवर त्या संबंधीचा कोड आला, तर करावे. काहीच लक्षण नसताना ‘ॲव्हरेज वाढेल’ या आश्वासनावर करू नये. आश्वासन देणाऱ्याला, आत्ताचा ॲव्हरेज किती आहे हे त्याने तपासले का, एवढे विचारून पाहावे.

एसीच्या गॅसबाबत एक गोष्ट समजून घेतल्यास दर उन्हाळ्याचा एक खर्च वाचू शकतो. एसीची नळीव्यवस्था बंद असते आणि त्यातील गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. अनेक वर्षांत थोडा झिरपतो, पण दरवर्षी भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. वास येत असेल तर प्रथम केबिनचा एसी फिल्टर पाहावा. बऱ्याच गाड्यांत तो डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो, दहा मिनिटांत हाताने बदलता येतो, आणि त्याची बाजारातली किंमत व एस्टिमेटवरची किंमत यांची तुलना करणे मनोरंजक असते.

कूलंटची पातळी कमी झाली म्हणून ते सगळे बदलण्याची गरज नसते; ते कमी का झाले हा खरा प्रश्न असतो. नव्या गाड्यांतील कूलंट बहुधा अनेक वर्षांचे असते. नळाचे पाणी मात्र त्यात कधीही घालू नये, विशेषतः आपल्याकडच्या बोअरचे जड पाणी.

इंजिन फ्लश म्हणजे जुने ऑइल काढण्यापूर्वी त्यात एक विद्रावक ओतून इंजिन काही मिनिटे चालू ठेवणे. ज्या गाडीचे ऑइल वेळेवर बदलले गेले आहे तिला त्याचा उपयोग दाखवता येत नाही, आणि ज्या जुन्या गाडीची आबाळ झाली आहे तिच्यात सुटलेला गाळ ऑइलच्या जाळीत अडकण्याची भीती असते. पुस्तिकेत नसेल तर नाही म्हणावे. टायरमधील नायट्रोजनबद्दल इतकेच सांगतो की साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळत असेल तर भरावा, पण त्यासाठी पेट्रोल पंप शोधत फिरू नये. इंटिरियर एनरिचमेंट, इंजिन ड्रेसिंग, टेफ्लॉन ही सौंदर्यप्रसाधने आहेत. हौस असेल तर जरूर करावी, देखभाल म्हणून करू नये.

अंडरबॉडी कोटिंगचा निर्णय गाडी राहते कुठे यावर ठरतो. रत्नागिरीत किंवा गोव्यात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उघड्यावर उभी राहणारी गाडी आणि नागपुरात छपराखाली उभी राहणारी गाडी यांना एकच सल्ला देता येणार नाही. कारखान्यातून गाडीला गंजरोधक थर मिळालेला असतो. किनाऱ्यावरच्या गाडीला अधिकचा थर उपयोगी पडू शकतो, पण तो तळ धुऊन पूर्ण वाळवल्यावर आणि पाणी निथळण्याची भोके मोकळी ठेवूनच द्यायला हवा. चिखलावर मारलेले कोटिंग ओल आतच कोंडते. एका दिवसाच्या सर्व्हिसिंगमध्ये, भर पावसाळ्यात, तळ पूर्ण वाळला असेल का, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

‘नाही केले तर वॉरंटी जाईल’

हे वाक्य ऐकले की भलेभले नमतात. वेळापत्रकातील काम चुकवले आणि त्यामुळेच बिघाड झाला, तर कंपनी दावा नाकारू शकते, हे खरे आहे. म्हणून वॉरंटीच्या काळात, आणि विकत घेतलेल्या वाढीव वॉरंटीच्या काळातही, ठरलेली सर्व्हिसिंग वेळेत करून नोंदी व बिले जपावीत. पण पुस्तिकेत नसलेले फ्लश किंवा कोटिंग नाकारल्याने वॉरंटी कशी जाईल? असे कोणी म्हणाल्यास, ‘वॉरंटीच्या कोणत्या अटीत हे आहे ते मला लिहून पाठवा’ असे शांतपणे सांगावे. बहुधा विषय तिथेच संपतो.

बाहेरच्या गॅरेजात गेल्याबद्दलची भीतीही तपासून घ्यावी. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना सुट्या भागांच्या बाजारातील अडवणुकीबद्दल सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, आणि केवळ स्वतंत्र गॅरेजमधून काम करून घेतले म्हणून वॉरंटी सरसकट रद्द करण्याची अट घालू नये असेही बजावले. त्या आदेशावर पुढे अपिले झाली, त्यामुळे त्याचा कागद काउंटरवर आपटून वाद जिंकण्याची अपेक्षा ठेवू नये. मला विचाराल तर वॉरंटी चालू असेपर्यंत अधिकृत केंद्र आणि त्यानंतर ओळखीचे चांगले गॅरेज, हा व्यवहार बहुतेकांना परवडतो.

गाडी देताना आणि घेताना

सगळी शक्ती अकराच्या फोनवर खर्च करण्यापेक्षा सकाळी गाडी देतानाच दोन गोष्टी कराव्यात. जॉब कार्डवर, म्हणजे गाडी देताना भरल्या जाणाऱ्या कामाच्या कागदावर, आपल्याला हवी ती कामे आणि जाणवलेली लक्षणे लिहून घ्यावीत. ‘जनरल चेकअप’ हा शब्द लिहू देऊ नये. त्याच्याखाली ‘लेखी मंजुरीशिवाय जादा काम करू नये, बदललेले भाग परत द्यावेत’ असे लिहून मगच सही करावी. जुने भाग परत मिळणार आहेत हे ठाऊक असले की न बदललेला भाग बदलला म्हणून दाखवण्याचा मोह आपोआप कमी होतो.

फोन आल्यावर एस्टिमेट व्हॉट्सॲपवर मागवून, भाग आणि लेबर वेगळे दाखवायला सांगावे व अर्धा तास घ्यावा. ब्रेक, टायर, स्टिअरिंग, गळती यांच्याशी संबंधित आणि आकड्याने किंवा छायाचित्राने दाखवलेले काम असेल तर लगेच करावे. बाकीच्यांबद्दल ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ हे उत्तर पूर्णपणे सभ्य आहे. मोठ्या खर्चाचे काम असेल तर गाडी बाहेर काढून दुसरीकडे दाखवावी, मात्र तिथे पहिल्याचे निदान आधी सांगू नये. फक्त लक्षण सांगावे.

बिल जॉब कार्डाशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहावे आणि ‘कन्झ्युमेबल्स’ या मोघम शब्दाखाली काय आहे ते विचारावे. न सांगता केलेल्या कामाचे पैसे लावले असतील तर प्रथम सर्व्हिस मॅनेजरकडे, मग कंपनीच्या ग्राहक सेवेकडे लेखी तक्रार करावी, आणि तरीही दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. पावती न देणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते, त्यामुळे ‘बिलाशिवाय स्वस्तात करू’ ही सवलत घेणाऱ्याच्या हातात पुढे काहीच पुरावा राहत नाही.

घरी आल्यावर पुस्तिकेच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तारीख, किलोमीटर, पॅडची जाडी, टायरच्या खाचांची खोली आणि ब्रेक ऑइल बदलल्याचा महिना एवढे लिहून ठेवावे. तीस हजारला पुढचे पॅड सात मिलिमीटर होते आणि चाळीस हजारला साडेपाच, असे त्या पानावर असेल, तर पंचेचाळीस हजारला ते पावणेपाचच्या आसपास असायला हवेत. त्या वेळी कोणी ‘पॅड संपले’ म्हणाला, तर एक तर मोजणे चुकले आहे किंवा पॅड दाबणारा कॅलिपर अडकून एकाच चाकाचा पॅड सतत घासत आहे, आणि दोन्ही बाबतींत चाक खोलून समोर मोजायला सांगणे हेच बरोबर ठरते.